कमी खर्चात स्टॉकहोम: दोघी मैत्रिणी आणि एक बुडालेलं जहाज

रानजाई | ३१ मे, २१:४०

शाळेपासूनची मैत्रीण ठाण्याहून माझ्याकडे बर्लिनला आली होती. पेंटेकॉस्टच्या सोमवारची सुट्टी जोडून लांब वीकेंड मिळत होता आणि तिचा लकडा चालू होता की तुझं बर्लिन पुरे, आता पाणी दाखव. त्या आठवड्यात सगळ्यांत स्वस्त विमान स्टॉकहोमला जात होतं म्हणून स्टॉकहोम. इतकंच थोर कारण! नॉर्डिक देश म्हटलं की माणूस आधी खिसा चाचपतो, म्हणून हा धागा मुद्दाम खर्चाच्या अंगाने काढतेय. फोटो जमले तर नंतर चढवते.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्टॉकहोममध्ये पैसे तीनच गोष्टींवर घालवावेत: झोपायला खाट, ७२ तासांचा एसएलचा (म्हणजे शहराच्या बस-मेट्रो सेवेचा) पास आणि वासा जहाजाचं संग्रहालय. बाकी शहर चौदा बेटांवर, पाण्याकाठी आणि खडकांवर फुकट पसरलेलं आहे. क्रोनचा भाव नऊ-दहा रुपये धरा.

विमानतळ आर्लांडाच आहे ना, हे तिकीट काढतानाच बघा. 'स्टॉकहोम स्काव्स्ता' नावाचा दुसरा विमानतळ शहरापासून शंभरेक किलोमीटर लांब आहे. तिकिटात वाचलेले पैसे तिथून येणाऱ्या बसमध्ये जातात, वर वेळ जातो तो वेगळाच. आर्लांडाहून आर्लांडा एक्स्प्रेस वीस मिनिटांत शहरात सोडते, पण दरही तसाच आहे. साधी लोकलही विमानतळाखालच्या स्टेशनातून सुटते, मात्र त्या स्टेशनात ये-जा करायचा वेगळा आकार पडतो, माणशी दीडशे क्रोनच्या आसपास. तो चुकवायचा तर ५८३ नंबरची साधी बस पकडून मेर्स्ताला जायचं आणि तिथून लोकल. सगळा प्रवास एसएलच्या नेहमीच्या पासात बसतो. तासाभराहून जास्त लागतो, पण आम्हाला घाई कुठे होती? पास विमानतळावरच फोनमध्ये घेतला. तीनशे साठच्या आसपास पडला आणि मेट्रो, बस, ट्राम, लोकल, शिवाय काही बोटी असं सगळं त्यात आलं.

नोटा बदलून घेऊ नका. आम्ही क्रोनची नोट पाहिलीसुद्धा नाही. सार्वजनिक शौचालयाच्या दारालाही कार्ड टेकवायचं यंत्र आहे, आणि बऱ्याच कॅफेंत 'रोख घेत नाही' अशी पाटीच असते.

राहायला सोडरमाल्म बेटावरचं हॉस्टेल, बायकांची आठ खाटांची खोली. चादर-टॉवेलचे वेगळे पैसे घेतात, ते वाचवायला मी घरून चादरी नेल्या. हॉस्टेलचं स्वयंपाकघर हा स्वस्त प्रवासाचा कणा. आधीच्या लोकांनी मागे ठेवलेल्या वस्तूंचं एक फडताळ होतं: मीठ, तेल, अर्धी पास्त्याची पुडी, कोणाची तरी सोया सॉसची बाटली. मैत्रिणीने निघताना तिथे मेतकुटाची पिशवी ठेवली आणि चिकटपट्टीवर इंग्रजीत लिहिलं, 'गरम भात, तूप, यावर घाला'. कोणाच्या नशिबी आलं असेल देव जाणे.

आता वासा. आख्ख्या सहलीत पूर्ण दराचं तिकीट मी याच एका ठिकाणी काढलं, दोनशे क्रोनच्या जवळपास. आत गेल्यावर अंधारच असतो. डोळे सरावतात तसं समोर एक चार मजली काळं लाकूड उभं राहतं. १० ऑगस्ट १६२८ रोजी हे जहाज पहिल्या सफरीवर निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडालं. राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याला दोन मजली तोफांचं दणदणीत जहाज हवं होतं. ६४ तोफा चढवल्या, वरचा डोलारा जड झाला, त्या मानाने खालचा भाग अरुंद आणि तळातलं वजन अपुरं. वाऱ्याचा झोत आला, जहाज कललं आणि खालच्या तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं. तीसेक माणसं गेली.

खरी गंमत पुढे आहे. जहाज निघण्याआधी धक्क्यावरच चाचणी घेतली होती. तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळायला लावलं. तिसऱ्या फेरीतच जहाज इतकं हेलकावायला लागलं की चाचणी थांबवली. नौदलाचा अधिकारी समोर उभा होता, तरी जहाज सोडलं! नंतर चौकशी बसली, मुख्य बांधणारा आधीच वारलेला, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. वाचताना आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. कुठली कुठली चौकशी आठवली ते इथे लिहीत नाही.

मैत्रीण सिव्हिल इंजिनिअर. ती एका काचेच्या पेटीपाशी अडकली ती हलेचना. जहाजावर कारागिरांच्या मोजपट्ट्या सापडल्यात: काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंची, आणि काही अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंची. एकाच जहाजावर दोन मापांनी काम चालू होतं. जहाजाच्या दोन बाजूही नीट सारख्या नाहीत, डावीकडे लाकूड जास्त आहे. "अगं, आमच्या साइटवर पण सुताराची टेप इंचात आणि गवंड्याची मीटरमध्ये," ती म्हणाली आणि त्या पट्ट्यांचे इतके फोटो काढले की मागचा जपानी गृहस्थ काहीतरी मौल्यवान असेल म्हणून पुढे सरसावला.

३३३ वर्षं पाण्याखाली राहून ते टिकलं, कारण बाल्टिकचं पाणी फार खारट नाही आणि लाकूड पोखरणारी समुद्री अळी तिथे जगत नाही. २४ एप्रिल १९६१ ला वर काढलं आणि लाकूड वाळून तडकू नये म्हणून पुढे १७ वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकोलचा फवारा मारला. इंग्रजी मार्गदर्शकाची फेरी तिकिटातच असते, ती चुकवू नका. निदान तीन तास हाताशी ठेवा.

दुसरं माझं आवडतं ठिकाण मेट्रो. शंभर स्टेशनांपैकी नव्वदच्या वर स्टेशनांत कलाकृती आहेत, आणि पास असेल तर बघायला वेगळा पैसा लागत नाही. निळ्या मार्गावरची स्टेशनं खडकात खोदलेली आहेत आणि खडक तसाच उघडा ठेवून रंगवलाय. टी-सेंट्रालेनला पांढऱ्यावर निळ्या वेली, आणि नीट वर बघितलंत तर ते स्टेशन बांधणाऱ्या कामगारांच्या आकृत्या. सोल्ना सेंट्रुमला लालभडक आकाशाखाली हिरवं सूचिपर्णी जंगल, मध्येच झाडं तोडणारा माणूस. १९७५ च्या आसपास गावं ओस पडत होती, जंगल तुटत होतं, तेच भिंतीवर आलंय. सरकत्या जिन्यावरून खाली उतरताना ते लाल छत अंगावर येतं. पाऊस पडला त्या दुपारी आम्ही फक्त मेट्रोत होतो, आणि ती दुपार अजिबात वाया गेली नाही.

गाम्ला स्तान, म्हणजे जुनं गाव, याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे, मी आटपतं घेते. सकाळी आठला जा, दहानंतर क्रूझवाल्यांची झुंबड. मॉर्टेन त्रोत्सिगची गल्ली सर्वांत अरुंद जागी ९० सेंटिमीटर आहे, पाठीवर मोठी पिशवी असेल तर समोरच्याला मागे जावं लागतं. स्तूरतोरयेत चौकातली रंगीत घरं फोटोत गोड दिसतात, पण १५२० साली डॅनिश राजाने ऐंशीच्या वर लोकांची मुंडकी तिथेच उडवली होती. राजवाड्यासमोरची पहारेबदल फुकट, पण गर्दीत आम्हाला टोप्याच दिसल्या.

पोटाचं गणित असं: सकाळी हॉस्टेलवर ओट्स आणि केळं. दुपारी 'दागेन्स', म्हणजे कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या सुमारास मिळणारं आजचं जेवण. एकशेतीस ते दीडशे क्रोनमध्ये एक मुख्य पदार्थ, आणि सॅलड, पाव-लोणी, पाणी, शेवटी कॉफी त्यातच. सॅलड-पाव हवा तितका घ्या. तेच हॉटेल संध्याकाळी दुप्पट लावतं. शनिवार-रविवारी दागेन्स नसतं, त्या दिवशी फलाफल. सोमवारी जर्मनीत सुट्टी, पण स्वीडनने तो सोमवार २००५ पासून सुट्टीतून काढून टाकलाय, त्यामुळे आम्हाला दागेन्स मिळालं. रात्री हॉस्टेलवर पास्ता किंवा खिचडी. नळाचं पाणी उत्तम, बाटली विकत घेऊ नका. एक चैन रोज केली: कॉफी आणि वेलदोड्याचा बुल्ले, म्हणजे गोड पाव. त्यात वेलदोडा इतका ठेचून घातलेला असतो की दाताखाली येतो. दालचिनीवाला पण मिळतो, पण मी वेलदोड्याच्या बाजूने.

विमान सोडून माणशी तीन हजार क्रोनच्या आत आटपलं. प्रश्न असतील तर विचारा.

बटाटेवडा२ | ३१ मे, २२:०५

आधी जागा पकडतो, मग वाचतो. मेतकूट ठेवून आलात, बटाटेवडा का नाही ठेवला? निषेध!

खडकवासला_एक्स्प्रेस | ३१ मे, २२:३१

भारी लिहिलंय. पण एक प्रामाणिक शंका. इतक्या लांब जायचं आणि खोलीवर खिचडी शिजवायची, यात मजा काय? एवढंच करायचं असेल तर दोन वर्षं थांबावं, पैसे साठवावेत आणि मग नीट जावं. हॉटेलात बसून तिथलं खाणं हा प्रवासाचा अर्धा भाग असतो असं मला वाटतं.

रानजाई | ३१ मे, २२:५०

खडकवासला, तुमचं म्हणणं एका जागी पटतं: तिथलं काहीच न खाता परत येऊ नये. म्हणून तर दुपारचं जेवण बाहेर. आम्ही दागेन्समध्ये एकदा तळलेली हेरिंग आणि बटाट्याचा लगदा खाल्ला, लिंगनबेरीसकट. तेच रात्री खाल्लं असतं तर चव बदलली नसती, बिल बदललं असतं. आणि दोन वर्षं थांबायचं म्हणाल तर मैत्रिणीची रजा, माझी सुट्टी आणि स्वस्त विमान परत एका आठवड्यात येतील याची हमी कोण देणार?

दिवेआगर | १ जून, ०७:१२

वाचतेय. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. दागेन्समध्ये आमच्यासाठी काही असतं का? आणि व्हिसा कुठला काढला मैत्रिणीने? फक्त स्वीडनला जायचं असेल तर काय करायचं?

रानजाई | १ जून, ०८:३०

दिवेआगर, व्हिसा जर्मनीचा. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा असल्याने त्याच व्हिशावर स्वीडनला जाता येतं, पण नियम असा की जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. तिचा मुक्काम मुख्यतः बर्लिनला होता म्हणून जर्मनी. तुम्ही फक्त स्वीडनला जाणार तर स्वीडनकडेच. मोठ्या माणसाची फी ९० युरो आहे आणि निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात जायचं असेल तर मार्चपर्यंत भेटीची वेळ घेऊनच ठेवा. खाण्याचं तिथे राहणारे कोणी सांगतील तर बरं.

मेलारकाठ | १ जून, १०:४४

सांगतो. मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं स्टॉकहोमला आहे. दिवेआगर, दागेन्समध्ये एक 'वेगेतारिस्क' पदार्थ बहुतेक ठिकाणी असतो. फळ्यावर 'वेगान' दिसलं तर अंड्या-दुधाचाही प्रश्न मिटला. पण सूप कशाच्या पाण्यात शिजवलंय ते विचारा, इथले लोक न चिडता नीट सांगतात. सोडरमाल्मच्या कड्यावर फ्येलगातान रस्त्याला एक शाकाहारी बुफे आहे. जेवणाइतकेच पैसे तिथल्या देखाव्याचे. पैसे द्यायचे नसतील तर त्याच रस्त्यावरच्या बाकावर डबा उघडा, देखावा तोच.

रानजाई, बोटींचं तुम्ही उडत उडत लिहिलंत, ते मी पुरं करतो, कारण इथे पर्यटकांचे पैसे सर्वांत जास्त बोटींवर जातात. स्लुसेनहून यूरगोर्डेन बेटावर जाणारी ८२ नंबरची फेरी एसएलच्या पासात येते. ८० नंबरची बोट नीब्रोप्लानहून पूर्वेला खाडीतून जाते, रोज कामाला जाणारे लोक त्यातून जातात. ८९ नंबर दुसऱ्या बाजूला, मेलारेन तलावातून एकेरोला. दोन्ही पासातच. तिकीटवाली पर्यटक बोट जे पाणी दाखवते त्यातलं बरंचसं यातून दिसतं, फक्त कानात कोणी बोलत नाही.

शहराबाहेरच्या बेटांवरच्या वाक्सहोल्म गावाला जायचं असेल तर टेक्निस्का हॉगस्कूलानहून ६७० नंबरची बस पासावर नेते. येताना पैसे देऊन बोटीने या. सगळी बेटं परतीच्या वाटेवर दिसतात आणि खर्च निम्मा.

अनुस्वार | १ जून, ११:२०

'मौल्यवान' बरोबर लिहिल्याबद्दल अभिनंदन, हल्ली दुर्मीळ झालंय. मुद्द्याचं: याच पैशांत कोपनहेगन झालं असतं, बर्लिनहून बसनेही जाता येतं. नीहाव्न, गोल मनोरा, सायकली. तरी स्टॉकहोम का?

भटकभवानी | १ जून, १२:०२

अनुस्वार, मी दोन्ही केलीत. कोपनहेगन सपाट आणि आटोपशीर, सायकल घेतली की झालं. पण बसून राहायला स्टॉकहोम. मोंतेलिउसवेगेन नावाची कड्यावरची पायवाट आहे, समोर टाउन हॉल, खाली पाणी. तिथून थोडं वर शिन्नारविक्सबेरयेतचा खडक. तिकीट नाही, दरवाजा नाही, कुंपण नाही. आख्खं गाव संध्याकाळी तिथे पाय सोडून बसलेलं असतं.

मी मात्र जानेवारीत गेले होते. तीनला दिवेलागण! हॉस्टेल अगदी स्वस्त मिळालं, वासा रिकामं होतं, पण खडकावर बर्फ आणि हातमोज्यात बोटं बधिर. स्वस्तात मस्त हवं तर एप्रिल अखेर किंवा सप्टेंबर. एप्रिल अखेरीस कुंगस्त्रेडगोर्डेन बागेत चेरी फुलते.

ठाणेकरीण | १ जून, २१:१५

धाग्यातली 'मैत्रीण' मीच. हा आयडी खास यासाठी काढलाय, कारण बाईसाहेबांनी सोयीचं तेवढंच लिहिलंय.

एक: आम्ही इतकं चाललो की दुसऱ्या रात्री मी खाटेच्या शिडीवर चढू शकले नाही, आणि मला वरची खाट दिली होती. दोन: पहिले दोन दिवस मी प्रत्येक किंमत वडापावात मोजत होते, कॉफी म्हणजे किती वडापाव वगैरे. मग हिने मला तंबी दिली की आता रुपये बंद. तीन, महत्त्वाचं: मला अ‍ॅबाचं संग्रहालय बघायचं होतं. शाळेच्या गॅदरिंगला त्या स्वीडिश बँडच्याच गाण्यावर नाचलेय मी. तिकीट वासापेक्षा बरंच महाग. ही म्हणे, 'मी नाही येणार, एवढ्यात माझी तीन जेवणं होतात.' अर्धा तास रुसवाफुगवी, मग मी एकटी गेले. होलोग्रामबरोबर स्टेजवर उभी राहून नाचले, एका फिनिश आजींनी टाळ्या वाजवल्या. बाईसाहेब तोवर पाण्याकाठी सँडविच खात बसल्या होत्या. दोघी आपापल्या जागी खूश.

रानजाई | १ जून, २१:२९

आली का! शिडीचं खरं आहे. पण स्मशानाचं पण लिही ना.

ठाणेकरीण | १ जून, २१:४८

लिहिते की. रविवारी सकाळी ही म्हणाली, आज स्कूग्सशिर्कोगोर्डेनला जाऊ, युनेस्कोचा वारसा आहे, मेट्रोने वीसेक मिनिटं. मी खूश. तिथे उतरल्यावर कळलं की ती दफनभूमी आहे. अगं, सुट्टीत स्मशानात कोण नेतं? मी आईला फोनवर सांगितलंसुद्धा नाही, आल्यावर अंघोळ केलीस का विचारलं असतं.

पण आमच्या धंद्याच्या नजरेने सांगते, जागा बघण्यासारखी आहे. आस्प्लुंड आणि लेवेरेन्ट्झ या दोन वास्तुविशारदांनी १९१५ नंतर रचायला घेतलेली. फाटकातून आत आलं की गवताचा मोठा चढ, एक काळा क्रूस आणि टेकडीवर झाडांचं छोटं बेट. टेकडीच्या पायऱ्या वर जाताना कमी उंचीच्या होत जातात, म्हणजे दुःखात असलेल्या माणसाला चढताना धाप लागू नये. मी मोजपट्टी नसताना बोटांनी मापून बघितल्या. पाइनच्या झाडांमध्ये साधे सारख्या आकाराचे दगड, सिनेनटी ग्रेटा गार्बोचा पण तिथेच. हिच्यावर राग होता तो तिथे जरा निवळला.

बटाटेवडा२ | १ जून, २२:०३

मला पण वरची खाट नको. वडापावाचा दर कुठला धरला होता, ठाण्याचा की विमानतळाचा?

ठाणेकरीण | १ जून, २२:०६

राममारुती रोडचा.

खडकवासला_एक्स्प्रेस | २ जून, ०९:१५

ठाणेकरीण यांनी माझीच बाजू मांडली असं समजतो. अ‍ॅबाला गेल्या, मजा आली. पण दोघींचे हिशेब वेगळे कसे ठेवलेत? आमच्या मित्रांच्या सहलीत हॉटेलपेक्षा हिशेबावरून भांडणं जास्त होतात.

रानजाई | २ जून, ०९:४०

सामायिक खर्चासाठी एक कार्ड ठरवलं होतं: हॉस्टेल, किराणा, हॉस्टेलवरचं रात्रीचं जेवण. ते माझ्या कार्डावर, परत आल्यावर अर्धे तिने दिले. तिकिटं, कॉफी, खरेदी ज्याची त्याची. आणि एक दुपार प्रत्येकीने आपल्या मनाची घ्यायची हे निघण्याआधीच बोललो होतो. अ‍ॅबाची रुसवाफुगवी त्यामुळेच अर्ध्या तासात मिटली, नाहीतर अजून चालू असती.

पाटीपेन्सिल | २ जून, १३:३३

आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो (सात आणि दहा वर्षं). वासा मुलांना फुकट आहे, अठराच्या आत. पण आमच्या मुलांनी विचाराल तर स्कान्सेन. १८९१ सालचं खुलं संग्रहालय आहे, देशभरातून उचलून आणलेली जुनी घरं, काच फुंकणारे कारागीर, अस्वलं, गवे. आख्खा दिवस जातो, त्यामुळे तिकीट महाग वाटलं नाही. रानजाई, तुम्ही तिथे गेला नाहीत याचं आश्चर्य वाटलं.

रानजाई | २ जून, १४:१०

पाटीपेन्सिल, मुलं असती तर मीही स्कान्सेनच केलं असतं. दोघींना एवढ्याशा वेळात दोन मोठी तिकिटं नको वाटली.

अनुस्वार | २ जून, १८:२६

टाउन हॉल कोणीच नीट लिहिला नाही. नोबेलची मेजवानी होते ती इमारत, १९२३ ची. 'निळं दालन' निळं नाही. वास्तुविशारद रागनार ओस्तबेरीने निळा गिलावा ठरवला होता, उघड्या विटा बघून बेत बदलला, नाव तेवढं राहिलं. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, तिकीट. अंगण आणि पाण्याकडची बाग फुकट. नोबेल संग्रहालयात अमर्त्य सेनांची सायकल टांगलेली आहे, ती भारतीयांनी बघावी. आणि तिथल्या कॅफेत बसलात तर खुर्ची उलटी करून बघा, खाली विजेत्यांच्या सह्या असतात.

भटकभवानी | २ जून, १९:०१

खुर्ची उलटी करून बघा +१. माझ्या खुर्चीवरची सही मला वाचता आली नाही, तरी फोटो काढला.

दिवेआगर | ३ जून, ०७:४०

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघी जावा, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जायचा विचार करतोय, पुढच्या वर्षी. मोठ्या जाऊबाईंचे गुडघे दुखतात. चढ फार आहे का? आणि फुकट संग्रहालयं कोणती?

मेलारकाठ | ३ जून, ०९:२२

दिवेआगर, तारखा जपून ठरवा. १९ ते २५ जूनच्या मधला जो शुक्रवार येतो तो मिडसोमर, म्हणजे उन्हाळ्याचा मोठा सण. लोक गावाकडच्या घरी जातात, शुक्रवारी-शनिवारी शहर सुनसान, बरीच दुकानं-हॉटेलं बंद. फुलांचा खांब आणि नाच बघायचा असेल तर स्कान्सेनला असतो, तेव्हा तो एक दिवस तिथे काढा. नाहीतर एक आठवडा आधी या.

चढ सोडरमाल्मला आहे, गाम्ला स्तानला दगडी फरसबंदी आहे, गुडघ्यांना त्रास होईल. मोंतेलिउसवेगेनला खालून जिन्याने जाऊ नका, मारियातोरयेत मेट्रोला उतरून वरच्या अंगाने चालत जा. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनात लिफ्ट आहे, फक्त ती फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे ते शोधावं लागतं. स्वस्त हॉस्टेलमध्ये खालची खाट आगाऊ मागून ठेवा, बऱ्याच ठिकाणी देतात.

फुकट संग्रहालयांच्या जुन्या याद्यांवर जाऊ नका. काही वर्षांपूर्वी बरीच सरकारी संग्रहालयं मोफत होती, आता त्यातल्या अनेकांना तिकीट लागलंय. स्लुसेनजवळचं शहराचं संग्रहालय मोफत आहे, आणि स्टॉकहोम शहर कसं वाढलं ते नीट समजतं. मी पाहुण्यांना पहिल्याच दिवशी तिथे नेतो.

दिवेआगर | ३ जून, ०९:५१

मग जूनचा दुसरा आठवडा. थंडीचे कपडे लागतील का?

मेलारकाठ | ३ जून, १०:०५

स्वेटर आणि वारा अडवणारं पातळ जाकीट, बस्स. उजेड रात्री दहाच्या पुढेही असतो आणि पहाटे साडेतीनला खिडकीतून ऊन येतं, तेव्हा झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी दोघींना एकेक घ्या. स्वस्त हॉस्टेलचे पडदे पातळ असतात.